ब्रागात पाऊस काय म्हणतोय

बेंतु नावाच्या माणसाची मला जवळजवळ महिनाभर काळजी लागून राहिली होती.

ऑक्टोबर 2019मध्ये आम्ही पोर्तुगालच्या उत्तरेला, ब्रागा शहरात राहायला आलो. नवऱ्याला तिथल्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. आमच्या इमारतीची लिफ्ट एवढीशी, दोन माणसं आणि भाजीची पिशवी आत शिरली की अंग चोरून उभं राहायचं. त्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटायच्या. डोक्यावरचा रुमाल सारखा करत, मान हलवत म्हणायच्या, "श्ता मुइंतु बेंतु!" मी हसून मान डोलवायचे. बेंतु हे तिकडचं संताचं नाव. पोर्तोच्या जुन्या रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा साँव बेंतु. मला वाटलं आजींचा मुलगा असेल, नाहीतर नातू, आणि बिचाऱ्याचं काहीतरी 'मुइंतु' म्हणजे फार झालंय. शेवटी एकदा धीर करून विचारलं, "बेंतु आता कसा आहे?"

आजींनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराच्या काचेतून बाहेर बोट दाखवलं. समोरचं झाड पार कमरेत वाकलं होतं.

वेंतु. वारा. उत्तर पोर्तुगालात 'व'चा सर्रास 'ब' होतो, हे मला कोणत्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पुस्तकातली शूवा, म्हणजे पाऊस, ती आजींच्या तोंडून शूबा व्हायची. इंवेर्नु, म्हणजे हिवाळा, तो इंबेर्नु. वराँव म्हणजे उन्हाळा, तो बराँव. त्यात मी पुण्यात असताना मोबाइलवर तीन महिने जी पोर्तुगीज घोकली होती ती निघाली ब्राझीलची. ब्राझीलमध्ये पाऊस पडत असला तर 'इस्ता शोवेंदु' म्हणतात, सगळे स्वर कसे मोकळे, ऐसपैस. ब्रागात तेच 'श्ता शुबेर' असं दोन घासांत गिळून टाकतात. आपल्याकडं मालिका बघून मराठी शिकलेल्या माणसाला थेट आमच्या इंदापूरच्या बाजारात सोडावं, तसं झालं माझं.

हो, मी इंदापूरची. इथून पुढचं सगळं त्यामुळंच घडलं.

इंदापूर तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यातही कधी मृग कोरडा, कधी हस्त दगा देणारा. लहानपणी पाऊस आला की आजोबा ओसरीतून उठून अंगणात जाऊन उभे राहायचे. भिजायला नव्हे हो, नुसतं बघायला. दारात पाहुणा आल्यावर माणूस बसून राहत नाही, तसं. असल्या घरात वाढलेल्या बाईनं ब्रागात पाय ठेवला, जिथं वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पडतो. तिथलेच लोक आपल्या गावाला 'पनीकु दु सेउ' म्हणतात. पनीकु म्हणजे रात्री खाटेखाली ठेवायचं ते भांडं आणि सेउ म्हणजे आकाश. स्वर्गातल्यांचं मूतपात्र! आपल्याकडं मघा नक्षत्राच्या पावसावर चुलीपाशी बसून काय करावं लागतं याची एक म्हण आहे. ती इथं लिहीत नाही, पण ज्यांना ठाऊक आहे ते आता हसले असतील. पाऊस अति झाला की भाषा कुठलीही असो, जाऊन तिथंच पोचते.

तर नोव्हेंबरमध्ये पाऊस सुरू झाला आणि मी लिफ्टमध्ये माझं पहिलं स्वतःहून बोललेलं वाक्य टाकलं. "क बों, श्ता आ शुवेर!" किती छान, पाऊस पडतोय! लिफ्टमध्ये आजी होत्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ओल्या छत्रीसकट. दोघांनीही माझ्याकडं असं पाहिलं, की मी कुणाच्या मयताला पेढे घेऊन आले आहे.

व्याकरण बिनचूक होतं, उच्चारही त्या दिवशी बरा होता, पण वाक्य चुकलं होतं. तिथं पावसाबद्दल तक्रार करायची असते. त्या तक्रारीला चाल आहे, ताल आहे, आणि समोरच्यानं म्हणायचं पालुपद ठरलेलं आहे. एकानं म्हणायचं, "काय हे दिवस!" दुसऱ्यानं म्हणायचं, "पॉइश." पहिल्यानं, "आणि म्हणे रविवारपर्यंत असाच." दुसऱ्यानं, "पॉइश, पॉइश." या पॉइशचं मराठी 'हो ना' करता येईल, 'तर काय' करता येईल, कधी 'असंच असायचं' सुद्धा. पहिले सहा महिने मी पोर्तुगीजमध्ये जे काही अस्खलित बोलले ते पॉइश. लोकांना वाटायचं, बाईला भाषा चांगली येते.

नवरा सावंतवाडीचा. त्याच्या घरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो बाल्कनीत उभा राहून म्हणायचा, "ह्येका पाऊस म्हणतत?" त्याच्या एका शब्दाचा मात्र उपयोग झाला. समोरच्या घरातली बाई पाऊस आला की पोरांवर ओरडायची, "फेशा आ झनेला!" मी शब्दकोश काढायच्या आत नवऱ्यानं उठून आमचीच खिडकी लावली. त्याच्या आईच्या तोंडी खिडकीला जनेलच म्हणतात. घमेलं, बादली, चावी, बिजागरी, पोर्तुगीजांनी आपल्याला सगळ्या वस्तू दिल्या, पावसाला मात्र एकही शब्द दिला नाही. द्यायची गरजच नव्हती म्हणा. आपल्याकडं भुरभुर, रिमझिम, सर, सडा, झड, वळीव, अवकाळी, शिवाय पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा.

एक शब्द मात्र मला तिथं सापडला जो आपल्याकडच्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. आपल्याकडं अगदी बारीक, दिसेल न दिसेल अशा पावसाला बुरंगट म्हणतात. पोर्तुगीजमध्ये त्याला म्हणतात 'मोल्या-तोलुश', मूर्खांना भिजवणारा. शहाणा माणूस छत्री उघडतो. मूर्ख म्हणतो, एवढ्याशाला काय छत्री, आणि घरी पोचेपर्यंत त्याची चड्डीसुद्धा ओली होते. मला हा शब्द बेकरीवाल्या बाईनं शिकवला. मी पाव घ्यायला बिनछत्रीची गेले होते, केसांवर पाणी साखरेसारखं बसलेलं. तिनं पाव कागदात गुंडाळता गुंडाळता खिडकीकडं हनुवटी उडवली आणि म्हणाली, "हा मोल्या-तोलुश आहे." मग माझ्याकडं बघून घाईघाईनं म्हणाली, "तुम्हाला नाही हं म्हणत."

डिसेंबरात आजी म्हणाल्या, "एल्झा येतेय." आता मी शहाणी झाले होते, कोण एल्झा असं विचारलं नाही. डिसेंबर 2017पासून पोर्तुगाल, स्पेन आणि फ्रान्स अटलांटिकवरून येणाऱ्या वादळांना मिळून नावं देतात. एल्झा आली, तिच्यामागोमाग लगेच फाबियें आला, आणि नाताळाच्या आधीचा तो आठवडा आम्ही घरात बसून काढला. घरात म्हणजे घराच्या थंडीत. ब्रागातल्या जुन्या घरांत गरम हवेची सोय नसते, भिंती जाड, बाहेर बारा अंश तर आतही बाराच. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवट बुरशी आली. हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र आणलं, त्याची टाकी सकाळ-संध्याकाळ ओतून टाकायची. पहिल्या दिवशी त्यात साठलेलं ते दोन लिटर पाणी मोरीत ओतायला माझा हात धजेना. मी ते कुंडीतल्या झाडाला घातलं. बाहेर धो धो कोसळत होता.

मार्च 2020मध्ये सगळं बंद झालं, लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस, आणि माझा भाषेचा एकमेव वर्ग बुडाला. तो भरला बाल्कनीत. आमची मागची बाल्कनी आणि आजींची मागची बाल्कनी एकावर एक, तिरप्या. दोन्हीकडं कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. एप्रिलबद्दल तिकडं म्हण आहे, "अब्रील, आग्वश मील", एप्रिल म्हणजे हजार पाण्यांचा. सकाळी लख्ख ऊन, तासाभरात सर, परत ऊन. एके दिवशी मी आत पोळ्या लाटत होते आणि खालून हाक आली: "मनीना! ओ मनीना! आ रोपा!"

मनीना म्हणजे मुली, पोरी. रोपा म्हणजे कपडे. क्रियापद नव्हतंच. पिठाच्या हातानं धावले आणि चादरी ओढून घेतल्या. पहिले टपोरे थेंब कठड्यावर पडलेच. आईच्या घरी शेजारच्या काकू अश्शाच ओरडायच्या, "अगं ए, कपडे!" तेव्हाही क्रियापद नसायचं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक पोर्तुगीज वाक्य मनात भाषांतर न करता मला कळलं होतं, आणि ते कळलं आधी पायांना.

दोन दिवसांनी आजी खाली गेल्या होत्या आणि आभाळ भरून आलं, तेव्हा मी ओरडले, "सिन्योरा! आ रोपा!" तिथून आमची खरी ओळख.

आजी मला कधी 'तू' किंवा 'तुम्ही' म्हणत नाहीत. म्हणतात, "मनीनाला थंडी वाजते का? मनीनानं आज सूप केलं का?" सासरी नव्या नवरीला "सूनबाईंनी चहा घेतला का?" असं तिच्यासमोरच विचारतात ना, तसं. मीही त्यांना "आ सिन्योरा" म्हणत तिसऱ्या माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलायचं. हे एकदा लक्षात आल्यावर क्रियापदांची निम्मी डोकेदुखी संपली.

2021च्या शरदात मी संध्याकाळच्या सरकारी वर्गात नाव घातलं. परदेशातून आलेल्यांसाठी फुकट चालणारा वर्ग. त्याच्या नावाचा अर्थच 'स्वागताची भाषा' असा आहे. वर्गात दोन युक्रेनी बायका, एक नेपाळी जोडपं, मोरोक्कोचा एक सुतार, आणखी पाच-सहा जण. हवामानाच्या धड्याला बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: तेंपु. म्हणजे वेळ. आणि म्हणजे हवाही. "तेंपु नाही" म्हणजे सवड नाही, "तेंपु वाईट आहे" म्हणजे बाहेर पाऊस. मोरोक्कोवाला म्हणाला, "मग वाईट काळ आलाय हे कसं म्हणायचं?" बाई म्हणाल्या, "तेच." मला हे फार आवडलं. आपणही 'दिवस' याच शब्दात दोन्ही भरतोच की. पावसाचे दिवस, वाईट दिवस.

मग थंडीचा खेळ झाला. पोर्तुगीजमध्ये 'मी थंड आहे' असं म्हणायचं नसतं. म्हटलं तर तुम्ही निष्ठुर तरी ठरता, नाहीतर मेलेले तरी. 'तेन्यु फ्रिउ' म्हणायचं, माझ्याकडं थंडी आहे. उलट्या बाजूनं 'मी गरम आहे' म्हटलं तर काय होतं ते नेपाळी नवऱ्यानं भर वर्गात करून दाखवलं आणि त्याची बायको लाल झाली. बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्या भाषेत थंडीचं काय होतं? युक्रेनी बाई म्हणाली, "मेनी खोलोद्नो", मला थंड. नेपाळी म्हणाला, "मलाई जाडो लाग्यो." मी म्हटलं, आमच्याकडं थंडी वाजते. बाईंना कळेना. वाजते म्हणजे? घंटा वाजते तशी? मी दातांवर दात आपटून दाखवले. आता खरं कारण दातांचं आहे की नाही देव जाणे, पण त्या दिवसापासून वर्गात शिरताना सगळे एकमेकांना विचारायचे, "वाजतेय का?"

त्याच वर्गात मोसमाची गंमत कळली. बाई म्हणाल्या, मोंसाँव हा शब्द तुमच्याकडच्या पावसाचा, आमच्या खलाशांनी युरोपात आणला. इंग्रजांनी तो आमच्याकडून उचलला. सुतार म्हणाला, तो आमचा आहे, अरबीत मौसिम म्हणजे हंगाम. मी म्हटलं, आमच्या घरी आंब्याचा मोसम असतो. मग बाईंनी सांगितलं की जुने पोर्तुगीज गोव्यातल्या पावसाळ्याला इंवेर्नु म्हणायचे. हिवाळा! समुद्र खवळलेला, जहाजं बंदरात अडकून पडलेली, त्या अडकण्यालाही शब्द 'इंवेर्नार', हिवाळा काढणं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. जुलै महिना, पणजीत अंगाला सदरा चिकटतोय, घामाच्या धारा, आणि हा लिस्बनचा माणूस घरी पत्र लिहितोय की हिवाळा सुरू झाला.

पण त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या हाडांत पाऊस आणि हिवाळा एकच होते. उन्हाळ्यात अटलांटिकमधल्या आसोरिश बेटांजवळचा उच्च दाबाचा पट्टा वर सरकून त्यांचा पाऊस अडवतो, हिवाळ्यात तो खाली सरकला की समुद्रावरून ढग सरळ आत येतात. मी उलट बाजूनं तीच चूक करत होते. जानेवारीत ब्रागात ढग दाटून आले की माझं मन म्हणायचं, जून आला, आता गरम भजी, मातीचा वास, शाळेची नवी पुस्तकं. बाहेर गेलं की कान गारठून दुखायला लागायचे. पाऊस आणि थंडी एकाच दिवशी येऊ शकतात हे मान्य करायला मला दोन हिवाळे लागले.

सगळ्यात जास्त मी शिकले ते मात्र हवामान खात्याकडून. त्याचं नाव इप्मा, समुद्र आणि वातावरणाची पोर्तुगीज संस्था. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत त्यांचा अंदाज मोठ्यानं वाचायचा असा नेम केला. "आकाश बहुतांशी ढगाळ, मोंतझुंतु-श्त्रेला डोंगररांगेच्या उत्तरेस पावसाच्या सरी, वारा मंद ते मध्यम, नैर्ऋत्येकडून, तापमानात किंचित घट." किती ओळखीचं वाटायचं! आकाशवाणीवर 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी' ऐकत मोठी झालेली मी. जगात कुठंही गेलं तरी हवामान खात्याचं बोलणं सरकारी, धीमं, हातचं राखून. शिकणाऱ्याला त्याहून चांगला गुरू नाही. रोज तीच पन्नास-साठ वाक्यं, फक्त शब्द इकडचे तिकडं.

पण रस्त्यावर इप्माची भाषा कोणी बोलत नाही. लिफ्टमध्ये मी एकदा "आज आग्वसैरुशची, म्हणजे सरींची, शक्यता आहे" असं म्हटलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, तुम्ही टीव्हीवर काम करता का?

रस्त्यावरची भाषा वेगळीच. पाऊस घागरींनी पडतो, मडक्यांनी पडतो, कधी चक्क खिशातल्या चाकूंचा पडतो. एका कार्यालयात मी माझं कार्ड या महिन्यात मिळेल का म्हणून विचारायला गेले होते. काउंटरवरचा माणूस चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, तुम्ही तुमचा छोटा घोडा पावसातून आत घ्या." मी मागं वळून पाहिलं. खरंच सांगते, पाहिलं. अर्थ एवढाच की आशा सोडा, इतक्यात काही होत नाही. पूर्वी पाहुणा घोडा दाराबाहेर बांधायचा तो लगेच निघायचंय म्हणून. यजमानानं घोडा आत घ्या म्हटलं की समजायचं, आता मुक्काम. निदान मला आजींनी तरी असंच समजावलं. कार्ड पुढं पाच महिन्यांनी आलं.

आणखी एक. बाहेर मुसळधार, लिफ्टमध्ये शाळेतून आलेला पाचव्या मजल्यावरचा मुलगा, दप्तर टाकून म्हणतो, "क सेका!" सेका म्हणजे दुष्काळ. केवढा दुष्काळ! मी त्याच्या बुटांतून वाहणाऱ्या पाण्याकडं बघतेय. आईनं सांगितलं, आजकालची पोरं कंटाळा आला की असं म्हणतात. माझ्या मनात आलं, बाळा, आमच्या गावात हा शब्द असा वापरलास तर आजोबा काठी घेतील.

आणि मग खरा सेका आला.

2021-22चा हिवाळा कोरडा गेला. नोव्हेंबरात ऊन, तिकडं त्याला साँव मार्तीन्युचा उन्हाळा म्हणतात, 11 नोव्हेंबरला त्या संताच्या नावानं भाजलेली चेस्टनटं खातात. थोडे दिवस ऊन पडणं रीतच आहे. पण डिसेंबरनंतर जानेवारीही कोरडा. ब्रागात, आकाशाच्या त्या भांड्यात, दोरीवरचे कपडे दोन तासांत वाळायला लागले. लिफ्टमध्ये लोक खूश. "काय सुंदर दिवस!" "पॉइश!" मला पोटात कसंतरी व्हायचं. हे निळं आभाळ मला ओळखीचं होतं.

आजी खूश नव्हत्या. एवढे दिवस मला वाटायचं त्या ब्रागाच्याच. त्या होत्या त्राज-उझ-मोंतिशच्या, मिरांदेलाकडच्या. नावाचा अर्थच 'डोंगरापलीकडे'. समुद्रावरचे ढग जेरेशच्या डोंगरांवर आणि ब्रागाच्या अंगावर रिते होतात, पलीकडं पोचतं ते उरलंसुरलं. तिथं म्हणतात, नऊ महिने इंबेर्नु आणि तीन महिने इंफेर्नु, म्हणजे नरक. मी बाल्कनीतून कागदाच्या पाठीवर नकाशा काढून दाखवला. हा समुद्र, हा सह्याद्री, हे सावंतवाडी, नवऱ्याचं, इथं सगळं पाणी. आणि ही डोंगरापलीकडं मी. आजींनी कागद लांब धरून पाहिला, इंदापूरवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मनीनासुद्धा त्राज-उझ-मोंतिशचीच की."

1 फेब्रुवारी 2022ला सरकारनं पाच धरणांतल्या पाण्यावर वीज करायला मर्यादा घातली. त्यातलं एक आल्तु-लिंदोझु, ब्रागाच्या उत्तरेला लीमा नदीवर. पाणी इतकं उतरलं की सरहद्दीपलीकडं स्पेनच्या गालिसियात 1992मध्ये बुडालेलं आसेरेदु गाव वर आलं. टीव्हीवर दाखवत होते. भिंती, दारांच्या चौकटी, चिखलात एक नळ. लोक सहलीला गेल्यासारखे फोटो काढत होते. मला उजनीतलं पळसदेवचं देऊळ आठवलं. पाणी आटलं की तेही असंच वर येतं आणि तिथंही माणसं फोटो काढायला जातात. लहानपणी आम्ही जायचो. वडील मात्र कधी आले नाहीत.

पुढं एका रात्री चंद्राला खळं पडलं होतं. आजी बाल्कनीतून म्हणाल्या, "लूआ कों सिर्कु, आग्वा त्राझ नु बीकु." चंद्राभोवती रिंगण, चोचीत पाणी घेऊन आलाय. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडंही खळं बघून पावसाचा अंदाज करतात. त्या महिन्यात खळं खोटं ठरलं.

याच दिवसांत एकदा मी बाल्कनीत उभी राहून वडिलांशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर आजींनी विचारलं, मनीना रोज पहिल्यांदा तेच ते काय विचारते? मी ते वाक्य शब्दाला शब्द लावून पोर्तुगीजमध्ये सांगितलं: पाऊस काय म्हणतोय? उ क दीश आ शूवा? त्यांना आधी वाटलं मी नेहमीसारखी चुकले. मग डोळे बारीक करून दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, "उ क दीश आ शूबा." आणि मग वर आभाळाकडं बघून, "नादा. काही म्हणत नाही."

मार्चमध्ये एकदाचा आला. पहाटे पन्हळीच्या आवाजानं जाग आली. सकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, तीच ओली छत्री. मी तोंड पाडून ठरलेली तक्रार सुरू केली, "काय हे दिवस..." त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "फाश फाल्ता." पाहिजेच आहे. हवाच होता. हे दोन शब्द मी आधीही ऐकले होते. भर पावसाळी तक्रारीच्या शेवटीसुद्धा कुणी ना कुणी पुटपुटायचं, पण मला ते शेपटासारखे वाटायचे, पॉइशचे चुलतभाऊ. त्या दिवशी लिफ्टमध्ये सगळ्यांनी म्हटले. पाचव्या मजल्यावरच्या त्या पोरानंसुद्धा.

आता माझी भाषा बरी आहे. 'व'ला 'ब' म्हणायला लागलेय, पुस्तकी बाईंना ते आवडणार नाही. हवामानाच्या गप्पा झोपेतही मारता येतात. अजून अडखळते ते एकाच ठिकाणी, थंडीला. घाईत असले की अजूनही तोंडून 'मी थंड आहे'च निघतं.

जून 2023. साँव झ्वाँवची जत्रा नुकतीच संपली होती, रस्त्यावर तुटके प्लास्टिकचे हातोडे पडलेले, जत्रेत एकमेकांच्या डोक्यात हलकेच मारतात ते. गरमी मरणाची. तिकडं अशा उकाड्याला 'अननसांचा उकाडा' म्हणतात, अननस काचेच्या घरात वाढवतात म्हणून. मुंबईला मोसमी पाऊस पोचायलाच 25 तारीख उजाडली होती आणि आमच्याकडं पेरण्या अडल्या होत्या. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरले, मागोमाग आजी. तिसऱ्या मजल्याचं बटण त्यांनीच दाबलं.

"मग?" रुमालानं मान पुसत त्यांनी विचारलं. "तिकडं शूबा काय म्हणते?"

"अजून काही म्हणत नाही."

"पॉइश," आजी म्हणाल्या.